मुलांना घेऊन निघण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. हॅलोवीनच्या संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी गोळा करत फिरतात तेव्हा, भावाची दोन आणि शेजारची तीन मुलं तुझ्या हवाली होणार, आणि तू न्यू जर्सीत नुकतीच आलेली. कँडीत कुणी ब्लेड घातलं तर, विष घातलं तर, या विचारानं तुझी झोप उडाली आहे. त्याचं उत्तर आधी देते. ती भीती जरा बाजूला सरली की खऱ्या धोक्याकडे तुझं लक्ष जाईल.

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या. दारोदार मिळालेल्या खाऊत अनोळखी माणसानं काही मिसळलं आणि त्यानं मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. लोकांच्या मनात बसली आहे ती १९७४ मधली टेक्सासची घटना. आठ वर्षांच्या मुलाच्या कँडीत सायनाइड होतं, पण ते घातलं होतं त्याच्या सख्ख्या बापानं, विम्याच्या पैशांसाठी. संशय शेजारपाजारच्यांवर जावा म्हणून त्यानं नेमकी हॅलोवीनची रात्र गाठली. त्याला १९८४ मध्ये देहदंड झाला. तेव्हा घरी आल्यावर पिशव्या टेबलावर रिकाम्या कर, उघडं, फाटलेलं किंवा वेष्टनावर काहीच न लिहिलेलं असेल ते टाकून दे. तोवर एकही गोळी तोंडात जाता कामा नये. निघण्याआधी मुलांना पोटभर जेवू घातलंस तर हे जमतं.

आता गाड्यांबद्दल. शाळेजवळच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणारी क्रॉसिंग गार्ड म्हणून मी अनेक वर्षं उभी राहिले आहे, म्हणून हे विस्तारानं लिहिते आणि तू ते दोनदा वाच.

अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अपघातांचा एक अभ्यास ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला होता. हॅलोवीनच्या संध्याकाळची तुलना त्यांनी आठवडाभर आधीच्या आणि आठवडाभर नंतरच्या संध्याकाळशी केली. पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका हॅलोवीनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो दहापट होता, आणि सगळ्यात वाईट वेळ होती संध्याकाळी सहाच्या आसपासची. एकूण मृत्यू थोडे असतात, घाबरून घरी बसावं असं काही नाही. पण तुझ्या पाचातली बहुतेक मुलं त्याच वयाची आहेत.

हे का होतं ते मी चौकात रोज पाहत होते. त्या वयाचं मूल उभ्या गाडीच्या बॉनेटमागे पूर्ण झाकलं जातं. त्याचे डोळे रस्त्यावर नसतात, समोरच्या दारात सजवून ठेवलेल्या भोपळ्यावर असतात. पलीकडून मैत्रिणीनं हाक मारली की ते धावतं. त्यात ३१ ऑक्टोबरला इथे न्यू जर्सीत सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. माणसं कामावरून घरी येण्याची वेळही तीच. आणखी एक धोका कुणी सांगत नाही: भला ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि हातानं ‘जा, जा’ अशी खूण करतो. मूल त्याच्याकडे बघून हसत निघतं, आणि पलीकडच्या लेनमधून येणाऱ्या गाडीला ते दिसतच नाही. मुलांना बजावून सांग की रस्ता ओलांडायचा तो फक्त तुझ्या शब्दावर, कुठल्याही गाडीवाल्याच्या खुणेवर नाही.

म्हणून पाचच्या आधी निघ. रस्त्याच्या एका बाजूची सगळी घरं संपव, कोपऱ्यावर जाऊन सिग्नल किंवा गाड्यांसाठी ‘स्टॉप’ची पाटी असेल तिथे एकदाच ओलांड, मग दुसऱ्या बाजूनं परत ये. समोरचं घर कितीही सजलेलं असो, मधूनच आडवं जायचं नाही. फुटपाथवर चालतानाही घरातून गाडी बाहेर काढायच्या प्रत्येक वाटेपाशी, ड्राइव्ह-वेपाशी, थांबायचं, कारण रिव्हर्समध्ये बाहेर येणाऱ्या गाडीला बुटकं मूल दिसत नाही. चमकणारी टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पोशाखाच्या पाठीवर आणि पिशवीवरही लाव. पुढूनच लावतात बरेच जण. मुखवट्यापेक्षा तोंड रंगवलेलं बरं, मुखवट्याच्या भोकांतून बाजूची गाडी दिसत नाही. आणि तुझा फोन खिशात. फोटो घरातून निघण्याआधी काढ.

पोशाखाचं म्हणशील तर, दिवाळीत फटाके उडवताना आई सुती कपडे घालायला लावायची ते आठव. इथे पोर्चच्या पायऱ्यांवर भोपळ्यात मेणबत्ती असते, अगदी मुलांच्या घोट्याच्या उंचीवर, आणि दुकानातले झगे बहुतेक सिंथेटिक. लेबलवर ‘फ्लेम रेझिस्टंट’, म्हणजे सहज पेट न घेणारं, असं लिहिलेलं बघून घ्यायला वहिनीला सांग. धाकटीला जिजाऊ व्हायचं आहे ना? होऊ दे, छान दिसेल. नऊवारी घोट्याच्या वर नेसव आणि पदर खोचून टाक. शिवबाची तलवार फोमची असू दे. खेळण्यातली बंदूक मात्र कुणाच्याही हातात नको.

याला कारण आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानात बॅटन रूजला योशिहिरो हत्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकानं त्याला घुसखोर समजून गोळी घातली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तू या देशात नवी आहेस, म्हणून सांगते. ज्या घराचा पोर्चवरचा दिवा चालू, तिथेच बेल वाजवायची. दिवा बंद म्हणजे त्यांना कुणी यायला नको आहे, पुढे चालायचं. अंगणातून आडवं जायचं नाही, मागच्या दाराशी तर नाहीच. आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आपल्या लोकांची घरं आली की ‘या, आत या, चकली खाऊन जा’ असा आग्रह होतो, मुलं चपला काढून आत पळतात आणि तुझी मोजदाद चुकते. कितीही ओळखीचे काका-काकू असोत, त्या दिवशी सगळा व्यवहार दारातच.

अ‍ॅलर्जीचं प्रत्येक आईला आजच विचार. लहान आकाराच्या चॉकलेटांवर बऱ्याचदा घटकांची यादी नसते, म्हणून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पिशवीतलं ओळखू न येणारं सगळं बाजूला काढायचं. एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीचा झटका आला की टोचायचं इंजेक्शन, असेल तर ते तुझ्या खिशात हवं, आईच्या पर्समध्ये घरी नव्हे. दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी, स्टिकर मिळतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळ्या आणि अख्खे दाणे देऊ नकोस, घशात अडकतात. गांजा घातलेल्या गमीज, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, आता इथे कायदेशीर विकत मिळतात आणि साध्या गमीजसारख्याच दिसतात. असं काही मुलाच्या पोटात गेल्याची शंका आली तर १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर लगेच फोन कर, आणि मूल गुंगलं किंवा श्वासाला त्रास झाला तर ९११ या तातडीच्या क्रमांकावर. (शाकाहारी घरांसाठी म्हणून सांगते, बहुतेक गमीजमध्ये जिलेटिन असतं. ते त्यांचे आईवडील ठरवतील.)

राहता राहिली एक गोष्ट, आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. पाच मुलं आणि तू एकटी, हे मला मान्य नाही. एकजण पुढे, एकजण सगळ्यांच्या मागे, असे दोन मोठे हवेतच. तू वयानं लहान, नवी, म्हणून तुला ‘नाही’ म्हणायला जड जातंय हे कळतं मला. तरी आजच ग्रुपवर लिही की दुसरं कुणी आलं तरच मी नेईन. कुणीच कबूल झालं नाही तर मला फोन कर, मी येते. साडेचारला तयार राहीन.

तुझी,
मावशी