फुप्फुसाची कलिका, अंकुर की फुटवा?

भ्रूणविकासावरचा मजकूर मराठीत आणताना एक वाचक अडले आहेत. इंग्रजीतल्या 'लंग बड'ला 'फुप्फुसकलिका' म्हणावं की 'फुप्फुसांकुर'?

'कलिका' मला पटत नाही. कळी उमलली की तिचं कळीपण संपलं. शाळेतलं यीस्टचं कलिकायन आठवावं, तर तिथली कलिका चक्क सुटून वेगळी होते. फुप्फुसाचं यातलं काहीच होत नाही. चौथ्या आठवड्यात भ्रूणाच्या अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीतून एक फुगवटा डोकावतो, त्याला दोन फाटे फुटतात, मग उजवीकडे तीन, डावीकडे दोन, आणि अशा फाट्याला फाटा फुटत सुमारे २३ पिढ्या होतात. 'अंकुर' पहिल्या फुगवट्यापुरता चालेल. पण अंकुर बीजातून एकदाच येतो, फुटवे येत राहतात. माझं मत 'फुटवा'ला.

आणखी एक कारण आहे. फळमाशीच्या श्वासनळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी जनुकांना नावं दिली तीही झाडाझुडपांचीच. एक बिघडलं की नळ्यांना फांद्या फुटेनात, म्हणून ते 'ब्रँचलेस', बिनफांदीचं. दुसरं बिघडलं की नको तिथे फुटवे, ते 'स्प्राउटी'. म्हणजे नाव जनुकाच्या कामाचं नाही, ते नसताना होणाऱ्या गोंधळाचं! स्प्राउटीचं खरं काम फुटवे आवरण्याचं. त्याला 'फुटवेकरी' म्हटलंत तर अर्थ नेमका उलटा होईल. अशी नावं तशीच ठेवावीत.

ब्रँचलेसचा आपल्यातला भाऊबंद एफजीएफ-१०, पेशींना वाढीचा संदेश देणारा एक प्रथिन-रेणू. तो नळीभोवतीच्या ऊतीत तयार होतो आणि नळीचं टोक त्याच्या दिशेनं वाढतं. टोकाकडून सोनिक हेजहॉग हा दुसरा रेणू (हो, व्हिडिओ गेममधल्या पात्राचंच नाव) उलट जाऊन जवळचा एफजीएफ-१० कमी करतो. उंदरात एफजीएफ-१० नसेल तर श्वासनलिका होते, फुप्फुसं होत नाहीत.

इंग्रजीत अशा रेणूंना 'सिग्नल' म्हणतात; मराठीत 'संकेत' किंवा 'इशारा' ऐवजी 'संदेश' म्हणा. संकेत म्हणजे ठरलेली रूढीही होते, आणि 'इशारा'त धमकीचा वास येतो.

'फुप्फुसफुटवा' असा समास मात्र करू नका, जीभ अडखळते. 'फुप्फुसाचा फुटवा' म्हणा, पुढे नुसतं 'फुटवा'.