कोल्हापुरात राहून आता इलेक्ट्रिक कार घ्यावी, की वडील म्हणतात तसं अजून दोन वर्षं थांबावं?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: राजारामपुरीत फ्लॅट, रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जाणं-येणं, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी, बजेट बारा ते पंधरा लाख, आणि वडिलांचा सल्ला की थांब. पण ज्या एका गोष्टीवर सगळं ठरतं ती तुम्ही लिहिलीच नाही. रात्री गाडी कुठं लागते?

पार्किंग तुमच्या मालकीचं असेल आणि तुमच्या मीटरवरून तिथंपर्यंत वायर नेता येत असेल, तर बिनधास्त घ्या. नसेल तर मी घेऊ नका म्हणेन. बॅटरी, रेंज, पुणे, घाट हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या धंद्यात आहे, राहायला कसबा बावड्याकडे. काही वर्षं टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन वापरतोय. त्यामुळे शोरूमचं ब्रोशर आणि प्रत्यक्ष यातला फरक थोडाफार माहीत झालाय.

गाडीबरोबर येणारा चार्जर साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तासाला साधारण तीन युनिट भरतो. रात्री जेवून लावली की सकाळी आवरेपर्यंत तीस युनिट भरतात. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे पहिल्या रात्री लावला तर लाल दिवा. शोरूममध्ये फोन केला तर म्हणाले, चार्जर चांगला आहे, अर्थिंग बघून घ्या. दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे वायरमन मामा आले. मल्टीमीटरची एक पिन न्यूट्रलला, एक अर्थला. जिथं दोन-तीन व्होल्ट दिसायला पाहिजेत तिथं वीसच्या घरात आकडा. मामा म्हणाले, "साहेब, ही वायर भितीत गेलीया, पर जमिनीत कुठं गेलीच न्हाई."

इतकी वर्षं फ्रिज, गिझर, मिक्सर सगळं तसंच चाललं होतं. गाडी मात्र खपवून घेत नाही, अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. मग कंपाउंडमध्ये खड्डा काढला, पाईप, कोळसा, मीठ, पाणी असं रीतसर अर्थिंग केलं, मीटरपासून सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढली, तिला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) लावला. लगेच हिरवा दिवा. कोल्हापुरातल्या जुन्या घरांत आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटमध्ये ही अडचण हमखास निघते. म्हणून गाडी बुक करायच्या आधी शंभर-दोनशे रुपये देऊन वायरमनकडून हे तपासून घ्या. महावितरणकडून मंजूर भारही बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंग कधीच नको. आठ-दहा तास सलग १५ अँपिअर ओढल्यावर बोर्ड वितळलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

पेठांतल्या लोकांची पंचाईत वेगळीच. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत गाडी गल्लीत, दारापुढं. वरच्या खिडकीतून वायर सोडून चार्जिंग करणारे महाभाग आहेत, पण खाली पोरांचं क्रिकेट, दुचाक्यांची ये-जा आणि पावसाळ्यात साठलेलं पाणी. असं करण्यापेक्षा सीएनजी बरी.

आता पैशांचं बघू. कोल्हापुरात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास. छोटी पेट्रोल कार शहरात लिटरला पंधरा देते असं धरलं तर किलोमीटरला सात रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते. इथं लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे महावितरणचे टप्पे. घरगुती बिलात सगळे आकार धरून पहिल्या शंभर युनिटला सात रुपयांच्या आत-बाहेर, शंभर ते तीनशेला तेराच्या जवळ, त्याच्या वर सोळा-सतरा. तुमचं घर आधीच सव्वादोनशे युनिट जाळत असेल तर गाडीचे महिन्याचे शंभर-सव्वाशे युनिट वरच्या टप्प्यांत पडतात, पहिल्या स्वस्त शंभरात नाही. तरीही किलोमीटरला दोन ते अडीच रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटीसकट युनिटला वीस-बावीस मोजावे लागतात, म्हणजे सव्वातीन रुपये. सीएनजी साधारण साडेतीनला पडते. म्हणून म्हणतो, घरी चार्जिंग नसेल आणि कायम बाहेरच भरायची असेल, तर सीएनजीपुढं इलेक्ट्रिकचा फायदा जवळजवळ संपतो. वर रांगेत थांबायचं ते वेगळंच.

वडिलांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच होता, तो तसाच राहिला. म्हणजे दोघांच्या किमतीतलं अंतर वाढलं. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि इलेक्ट्रिकला माफ. समजा शोरूम किमतीत तीन लाखांचा फरक आहे. टॅक्समध्ये एक लाख सुटले, उरले दोन. किलोमीटरला पावणेपाच रुपये (पेट्रोलचे सात वजा विजेचे सव्वादोन) वाचले तर बेचाळीस हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव जाऊन-येऊन आणि इकडचं-तिकडचं धरून तुमचं रोजचं पंचवीसच्या आसपास होईल, पुणे धरून वर्षाला बारा-तेरा हजार. म्हणजे साडेतीन वर्षं. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर परवडते, दर तीन वर्षांनी बदलायची हौस असेल तर नाही. त्यात रिसेलला इलेक्ट्रिक अजून मार खाते.

कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची सूट मिळते असं अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात. ती कलम ८०ईईबीची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

घराच्या गच्चीवर सोलर असेल किंवा बसवणार असाल तर गणित पार बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. तेवढं सोलर वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला अकरा-बारा युनिट देतं, जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे बरंच कमी. तुमच्या गाडीला रोज चार युनिट लागणार. फ्लॅटमध्ये गच्ची सामायिक, त्यामुळे सोसायटीत चर्चेला किती बैठका जातील ते तुम्हीच ओळखा.

आता पुणे. २३० किलोमीटर. तुमच्या बजेटमध्ये टाटाची पंच (२०२४ चं मॉडेल ३५ युनिटच्या बॅटरीचं), ४५ युनिटची नेक्सॉन, एमजीची ३८ युनिटची विंडसर अशा गाड्या येतात. त्या पंचवर ४२१ किलोमीटर लिहिलं होतं, ते प्रयोगशाळेतलं. हायवेला ९०-१००च्या वेगात एसी लावून सव्वादोनशे धरा. म्हणजे जाताना एक थांबा लागतोच, तो कराड-सातारा पट्ट्यात एखाद्या हॉटेलच्या आवारात घ्यायचा. थांबा खटकत नाही, नाश्ता होतो तोवर पंधरा-वीस युनिट भरतात. खटकतो तो चार्जर. ॲपवर हिरवा दिसतो, तिथं पोचल्यावर बंद. किंवा दोन गनपैकी (गाडीत खुपसायच्या प्लगपैकी) एकच चालू आणि तिला आधीच कुणीतरी लावून जेवायला गेलेलं. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, प्रत्येकात तुमचे दोन-तीनशे अडकलेले. माझा नियम असा की बॅटरी २० टक्क्यांवर यायची वाट बघायची नाही, ४० वर असतानाच पहिला चार्जर गाठायचा, म्हणजे तो बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत जाता येतं. नेक्सॉन ४५ घेतलीत आणि ऐंशीच्या वेगात गेलात तर न थांबताही पुणे गाठता येतं, पण मागून ट्रॅव्हल्सवाले हॉर्न वाजवून जीव खातात.

टोलमाफीचं ऐकून हुरळून जाऊ नका. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे. किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर ही आपल्या वाटेवरची चारही नाकी नेहमीसारखी फास्टॅगमधून पैसे कापतात.

घाटाची भीती मात्र उगाच आहे. दीड टनाची गाडी रत्नागिरीच्या समुद्रसपाटीवरून कोल्हापूरच्या साडेपाचशे मीटर उंचीवर चढवायला लागणारी ऊर्जा सव्वादोन युनिट भरते, नुकसान धरून तीन. म्हणजे आंब्याच्या घाटाची चढण तुमची वीसेक किलोमीटरची रेंज खाते, फार तर. जाताना साखरप्याकडे उतरताना उलट बॅटरीत थोडी भर पडते, ब्रेकला पायही लावावा लागत नाही. फक्त बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना ही भर पडत नाही, त्यामुळे पन्हाळ्यावर राहून सकाळी पूर्ण भरून खाली उतरू नका, नव्वदवर थांबा.

कोल्हापूरचा खरा धोका महापुराचा. यावर कुठलाच सेल्समन बोलत नाही. बॅटरीला आयपी६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी अर्धा तास नव्हतं, दिवसच्या दिवस होतं. शिवाय त्या काळात वीज बंद, शिरोलीजवळ हायवेवर पाणी. म्हणून पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी चार्जिंगचा पॉइंट माणसाच्या डोक्याइतका उंच घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की गाडी पूर्ण भरून उंचावर नेऊन लावावी, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. विमा घेताना पाण्याने बॅटरीचं झालेलं नुकसान त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून खात्री करा, एजंटच्या तोंडावर विश्वास नको. राजारामपुरी उंचावर आहे, तुम्हाला ही चिंता कमी.

सर्व्हिसचं सांगायचं तर ऑइल, फिल्टर, क्लच काही नाही, खर्च नगण्य. पण बिघाड झाला तर इथं हात टेकतात. एकदा चार्जिंग पोर्टचा दोष आला तेव्हा सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस, दोन्हींची वाट बघत गाडी बरेच दिवस पडून होती. आणखी एक गंमत: मोठी बॅटरी भरलेली असली तरी आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी बसली की गाडीचं दारही धड उघडत नाही. ती तीन वर्षांनी आपणहून बदलून टाकावी.

माझ्या धंद्यातली माणसं मला टोमणे मारतात, तू स्वतःच्याच पोटावर पाय दिलास म्हणून. गाडी पहिल्यांदा फौंड्रीत नेली तेव्हा मोल्डिंगवरच्या पोरांनी बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, "ह्यात आपलं काय हाय?" आम्ही ओततो ते इंजिनाचे भाग, ब्लॉक नाही, हेड नाही, फ्लायव्हील नाही, मॅनिफोल्ड नाही. ब्रेक डिस्क तेवढी बिडाची, आणि तीही कमी झिजते. कोल्हापूरच्या फौंड्र्यांचं बरंचसं काम इंजिनाच्या भागांवर चालतं, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अजून देशात शंभर नव्या कारमागं चारच्या आसपास इलेक्ट्रिक विकल्या जातात आणि ट्रॅक्टरची ऑर्डर कुठं जात नाही, म्हणून आम्ही शांत आहोत. तीनचाकीत निम्म्याहून जास्त विक्री इलेक्ट्रिकची झालीय, ते बघितल्यावर मात्र झोप थोडी उडते.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना तुम्हाला कुणीतरी सुचवेल. विंडसर सप्टेंबर २०२४ ला आली तेव्हा ९ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव होता. त्यात विजेचे दोन मिळवा, साडेपाच झाले. मग पेट्रोल काय वाईट?

थांबायचंच असेल तर वडिलांचा मान राखून मधला मार्ग आहे, जुनी गाडी. बाजारात पडलेल्या भावाचा फायदा यावेळी तुमच्या बाजूने. घेताना सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट मागा, पूर्ण चार्ज करून स्वतः गोकुळ शिरगावपर्यंत आणि परत चालवून टक्के किती उतरले ते बघा. ३०.२ युनिटची पहिली नेक्सॉन जानेवारी २०२० ला आली. तिच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि ती मोजायची पहिल्या मालकाच्या तारखेपासून. २०२० ची गाडी घ्याल तर ती २०२८ ला संपते. मालक कितीही जीव तोडून सांगू दे, भाव त्या तारखेवर ठरवा. आणि पार्किंग कुठं आहे ते खाली कमेंटमध्ये कळवा, मग वायर किती लांब आणि केवढ्या जाडीची लागेल ते सांगतो.