पांढरे केस झाकायला घरी मेहंदी लावू, डाय लावू, की पार्लरमध्ये जाऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३ आहे, कानशिलाजवळ आणि भांगात पांढरे केस जास्त आहेत, घरी काळा डाय लावला की पंधरा दिवसांत पांढरी रेघ परत दिसते. सासूबाई मेहंदी लाव म्हणतात, पार्लरवाली ग्लोबल कलर करून घ्या म्हणते, आणि दोन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे. मी बरीच वर्षं पार्लर चालवते, आणि हाच प्रश्न माझ्या खुर्चीत बसून रोज कुणी ना कुणी विचारतं. घरी की पार्लर, हे नंतर ठरवू. आधी ठार काळा रंग सोडा. तुमची निम्मी डोकेदुखी त्या काळ्या रंगामुळेच आहे.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे रंग कितीही महागाचा लावा, पंधरा दिवसांत अर्धा सेंटिमीटर पांढरं मूळ वर येणारच. ते डोळ्यात भरतं, कारण त्याला लागून ठार काळा केस असतो. तिथे गडद तपकिरी केस असला तर तीच रेघ पुसट दिसते आणि महिनाभर तरी निघतो. वयानुसार चेहऱ्याचा रंगही थोडा मऊ होतो, त्यावर एकसारखा काळा रंग टोपासारखा बसतो. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की डाय आहे.

रंगाच्या खोक्यावर आकडा असतो, तो बघायची सवय लावा. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिकट तपकिरी. आपल्याकडच्या बायकांचे मूळचे केस बहुतेक १ ते ३ मध्ये येतात. तुम्ही ३ घ्या, नंतर हळूहळू ४ वर या. बरगंडी, लाल, तांबूस अशा शेड नुसत्या लावल्या तर पांढऱ्या केसांवर नीट झाकण बसत नाही, ते भडक लाल दिसतात. त्या हव्याच असतील तर त्याच आकड्याच्या साध्या नॅचरल शेडमध्ये मिसळून लावतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आधीच डाय केलेल्या काळ्या केसांवर तपकिरी रंग लावून ते उजळत नाहीत. रंगाने रंग निघत नाही, त्यासाठी ब्लीच लागतं. म्हणून पार्लरमध्ये पैसे घालायचेच असतील तर या एका कामासाठी घाला: चेहऱ्याभोवती आणि भांगाच्या आजूबाजूला बारीक बारीक बटांचे हायलाइट्स, जे काळा, तपकिरी आणि पांढरा यांना एकमेकांत मिसळून टाकतील. ग्लोबल म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांना रंग. तुमचे लांबीचे केस आधीच रंगलेले आहेत, त्यांना दर वेळी पुन्हा रंगात बुडवून फक्त कोरडं करायचं, यात फायदा काहीच नाही. तुम्हाला रूट टचअप, म्हणजे फक्त मुळांना रंग, पुरे.

पार्लरमध्ये दोन गोष्टी विचारायला लाजू नका. पहिली, डेव्हलपर (रंगात मिसळतात ते पेरॉक्साइडचं द्रावण) किती व्हॉल्यूमचा, म्हणजे किती ताकदीचा, घालताय? पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, योग्य असतं. ४० घातला की रंग छान चढतो, असं कुणी म्हणालं तर उठून या. जास्त ताकदीचा डेव्हलपर केस उजळवतो, पांढऱ्यावर रंग बसवण्यासाठी तो नाही. दुसरी, पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा. आणि तुमच्याकडून त्यांना एक सांगणं लागतं: आजवर केसांना काय काय लावलंय, विशेषतः मेहंदी. काही तयार काळ्या मेहंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होऊन तुटू शकतात. निळीच्या पानांच्या पुडीने (इंडिगो) रंगवलेल्या केसांवर ब्लीच केलं तर हिरवट छटा येते. हे लपवलंत तर समोरची बाई कितीही हुशार असली तरी तिचा नाइलाज होतो.

मुळांचं काम घरी व्यवस्थित होतं. केस कोरडे आणि आदल्या दिवशी धुतलेले असावेत. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावा. आधी कानशील आणि भांग, कारण तिथला पांढरा केस जाड आणि चिवट असतो, त्याला रंग शिरायला जास्त वेळ लागतो. सुरुवात मागून करून शेवटी कानशिलाला नुसतं पुसलं की तिथेच रंग लवकर उडतो. पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवा. लांबी फिकी वाटत असेल तर शेवटची पाचेक मिनिटं थोडं पाणी लावून रंग खाली ओढा, तेही दर वेळी नको.

'अमोनिया नाही' एवढं वाचून हुरळून जाऊ नका. अमोनियाच्या जागी दुसरं अल्कली असतं, वास कमी येतो, पण पेरॉक्साइड असतंच आणि बहुतेकदा पीपीडीही असतं. पीपीडी म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन, काळ्या-तपकिरी डायमधलं मुख्य रसायन, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः याची. पाण्यात कालवायच्या बहुतेक काळ्या पुड्यांमध्येही ते असतं. दहा वर्षं बिनधास्त डाय लावणाऱ्या बाईला अकराव्या वर्षी अचानक ॲलर्जी होऊ शकते, म्हणून 'मला कधी काही होत नाही' यावर विसंबू नका. कानाच्या पाळीला, कपाळाच्या कडेला खाज, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजणं ही लक्षणं. असं एकदा झालं तर पुन्हा पीपीडी नको, कमी प्रमाणातही नको. श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. नवीन पाकीट आणलं की ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून बघा, यालाच पॅच टेस्ट म्हणतात. लग्नाच्या आदल्या रात्री घाईघाईने डाय लावणाऱ्यांचे सुजलेले चेहरे मी पाहिलेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. लग्नसराईत हातावर काळ्या मेहंदीची नक्षी काढून कधी फोड आले असतील, तर तेही पीपीडीच असू शकतं, आणि मग केसांचा डाय तुमच्यासाठी बंद.

आता सासूबाईंची मेहंदी. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. नुसती शुद्ध मेहंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी-लाल रंगच देते. कुठलीही मेहंदी तासाभरात काळा रंग देत असेल तर ती नुसती मेहंदी नाही, मागचं बारीक अक्षर वाचा. लोखंडी कढईत चहाचं पाणी आणि आवळा पूड घालून रात्रभर भिजवली तर लोखंड आणि चहा-आवळ्यातला तुरटपणा मिळून ती काळपट होते, छटा जरा खाली उतरते. पण पांढरं जास्त असेल तर काळसर तपकिरी रंग मिळवायला निळीच्या पानांची पूड लागते, इंडिगो म्हणून मिळते ती. मेहंदी दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवायची, मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची. तिच्यात लिंबू नको, आणि भिजवून रात्रभर ठेवायची तर मुळीच नाही, रंग मरतो. तासा-दीड तासाने धुवा, दोन दिवस शांपू लावू नका. पहिल्या दिवशी हिरवट दिसेल, घाबरू नका, हवेने रंग दोन दिवसांत गडद होतो. दोन्ही समभाग एकत्र करून एकदाच लावलं तर तपकिरी येतो, आणि तुम्हाला तोच शोभेल असं मला वाटतं.

यात अख्खी सुट्टी जाते, केस कोरडे पडतात, आणि नंतर पार्लरमध्ये हायलाइट्स करायची वाट जवळजवळ बंद होते. म्हणून मेहंदी-नीळ किंवा डाय, यांपैकी एक रस्ता धरा. आज हे, उद्या ते, याने केसांची वाट लागते. डायची ॲलर्जी असेल तर मात्र मी निःशंक मेहंदी-नीळच सांगेन, फक्त नीळही आधी हातावर लावून बघा. आधी कंगव्यात आलेल्या केसांचा झुपका जमवून त्यावर रंग करून बघितला तर शेडही कळते.

पांढरा केस उपटल्याने शेजारचे पांढरे होत नाहीत, पण मूळ दुखावतं, तेव्हा कात्रीने कापा. तुमच्या वयात पांढरे केस ही काळजीची गोष्ट नाही. पंचविशीच्या आत पांढरे झाले असतील, तर बी-१२ आणि थायरॉईड तपासून घेणं योग्य.

लग्नाचं असं करा. या आठवड्यात ३ नंबरची पॅच टेस्ट घ्या आणि मुळांना लावून बघा. पंधरा दिवसांनी कानशीलभर पुन्हा. हायलाइट्स करायचेच असतील तर लग्नाच्या महिनाभर आधी, म्हणजे पटले नाहीत तर सुधारायला वेळ राहतो. शेवटचा टचअप लग्नाच्या चार-पाच दिवस आधी, कपाळावरचे डाग तोवर निघून जातात. लग्नाच्या दिवशी भांगात एखादा पांढरा डोकावलाच, तर रूट टचअप पावडर ब्रशने लावा, पुढच्या धुण्यात निघून जाते. आणि भांग सरळ न पाडता थोडा वाकडा पाडायला सांगा, रेघ तुटते.