बर्फाचा कापूस का होतो?

प्रश्न: नमस्कार. मी पेडण्याची, रिटायर झाल्यावर ऑईल पेंटिंग सुरू केलंय. मुलाने रशियन चित्रकार इवान शिश्किनच्या 'हिवाळा' या चित्राचा प्रिंट आणून दिला, त्यावरून कॉपी करतेय. झाडं बरी जमली, पण बर्फ म्हणजे फांद्यांना कापूस चिकटवल्यासारखा दिसतोय, घरचे विचारतात नाताळचा गोठा केलास काय! बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय. पांढऱ्याची दुसरी ट्यूब संपत आली, काय चुकतंय?

उत्तर: ताई, दुसरी ट्यूब संपत आली ना, तिथेच घोळ आहे. एक करा, कोऱ्या कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडा आणि तो कागद प्रिंटवर बर्फाच्या जागी ठेवून बघा, भोकातून राखाडी दिसेल, कुठे मळकट पिवळट, पांढरं जवळजवळ नाहीच. मूळ चित्र 1890 चं, दोन मीटरहून रुंद, सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे, आणि त्यात पुढचा सगळा बर्फ सावलीत आहे, उजेड आहे तो मागे झाडांपलीकडच्या मोकळ्या जागेत. तुम्ही पुढेच सगळं पांढरं लावून टाकलंत तर मागे उजेड दाखवायला उरलं काय?

अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पांढऱ्यात मिसळा, तीन-चार राखाडी छटा आधीच करून ठेवा, काळा रंग नकोच. फांदीवरचा बर्फ वरून बसतो, म्हणून खालची कड गडद ठेवा आणि मधेमधे तुटू द्या, सलग लावलात की झालाच कापूस.

आणि बर्फ बघितला नाही म्हणून अडत नाही हो, तुमच्या तालुक्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत, सीझनमध्ये सकाळी लवकर जाऊन मिठाचा ढीग बघा, उन्हाकडची बाजू आणि सावलीची बाजू, सावलीत तेच मीठ निळसर दिसतं की नाही सांगा मला.

चित्रात फांदीवर तो छोटा पक्षी आहे ना, तो सगळ्यात शेवटी काढा. नाही जमला तर सोडून द्या, शिश्किनच्या त्या फेमस पाइनच्या जंगलातल्या चित्रात अस्वलं त्याने कुठे काढलीत, ती सावित्स्की या दुसऱ्या चित्रकाराची.