सातपाड्याला निघण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठी, सातपाड्याला दोन वर्षं काम करायला निघाली आहेस हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस की सरकारी खाती, मच्छीमारांच्या सोसायट्या आणि स्वयंसेवी संस्था यांना एकत्र कसं आणायचं. एकत्र आणणं त्यामानाने सोपं आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र गेलं की सगळे बैठकीला येतात, सह्या करतात, फोटो काढतात. बैठक संपल्यावर प्रत्येक जण आपल्या कचेरीत आणि आपल्या होडीत परत जातो. तिथे गेल्यावर तो काय करतो, यावर चिलिकेचं पाणी अवलंबून आहे. म्हणून मी तुला बैठकींबद्दल फारसं सांगणार नाही. चिलिकेत काय झालं ते सांगतो, कारण ते नीट समजलं तर तुला बरंच काही आपोआप कळेल.

समुद्रापासून वाळूच्या दांड्याने तुटलेल्या उथळ खाऱ्या पाण्याला भूगोलात आपण खारकच्छ म्हणतो, त्याचं चिलिका हे आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण. उन्हाळ्यात नऊशेच्या वर आणि पावसाळ्यात साडेअकराशेच्या आसपास चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी, पुरी, खोर्धा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत विभागलेलं. उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, समुद्राकडून खारं. या दोन पाण्यांच्या तोलावर तिथला मासा, कोळंबी, खेकडा, पक्षी आणि दोन लाखांच्या आसपास मच्छीमार जगतात.

हा तोल बिघडला तो एका दिवसात नाही. नद्यांनी गाळ आणला, पश्चिमेच्या टेकड्या उघड्या पडल्या तशी तिकडूनही माती आली. समुद्राने किनाऱ्याने वाळू ढकलत ढकलत मुखाशी लांब दांडा तयार केला, आणि मुख ईशान्येकडे सरकत अरुंद होत गेलं. भरतीचं पाणी आत शिरेना. खारटपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण सरोवरभर माजलं. समुद्रातून आत येऊन वाढणाऱ्या बोय आणि कोळंबीच्या पिल्लांची वाटच बंद झाली. १९८५-८६ मध्ये साडेआठ हजार टनांच्या घरात असलेली मासळी १९९८-९९ पर्यंत सतराशे टनांवर आली. १९८१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रो नोंदीत टाकावं लागलं.

या संकटातून बाहेर पडण्याची पहिली मोठी पायरी १९९१ मध्ये पडली. ओडिशा सरकारने चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केलं आणि मुख्यमंत्री त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटते. पण विचार कर: मासेमारीच्या पाण्याचे भाडेपट्टे महसूल खात्याकडे, मासेमारी मत्स्य खात्याकडे, नलबणाचं पक्षी अभयारण्य वन खात्याकडे, नद्यांची दारं पाटबंधारे खात्याकडे, शहराचं सांडपाणी नगरविकासाकडे. प्रत्येक खात्याला आपलाच तुकडा दिसतो आणि तुकड्यापुरतं त्याचं बरोबरही असतं. या सगळ्यांना एकाच नकाशासमोर बसवायचं, तर वरचा अधिकार आणि खाली रोज पाणी मोजणारा हात, दोन्ही एकाच ठिकाणी हवेत. प्राधिकरणाला वरचा अधिकार बऱ्यापैकी मिळाला, मोजणारा हात त्यांनी मेहनतीने उभा केला. पण कारवाईचे अधिकार आजही मुख्यतः त्या त्या खात्यांकडेच आहेत. काम करताना ही मर्यादा तुझ्या वाटेत रोज येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दुसरी पायरी समुद्राकडची. इथे आपल्या माणसांचा हात लागला आहे, हे तुला अभिमानाने सांगतो. नवं मुख कुठे फोडावं आणि ते उघडल्यावर पाणी कसं वागेल, याचा अभ्यास पुण्याच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केला. जुन्या मुखाला जाणारी लांबलचक वाट टाळून सिपाकुडाजवळ नवं मुख खोदलं गेलं, २३ सप्टेंबर २००० रोजी. समुद्राची वाट अठरा किलोमीटरने जवळ झाली. २००१-०२ मध्ये मासळी जवळजवळ बारा हजार टनांवर गेली. २००२ मध्ये माँट्रो नोंदीतून चिलिकेचं नाव निघालं आणि त्याच वर्षी रामसरचा जलभूमी संवर्धन पुरस्कारही मिळाला.

आता मी तुला जी गोष्ट सर्वांत जास्त कळकळीने सांगणार आहे, ती इथून पुढे सुरू होते. एवढं यश ऐकून तरुण माणसं समजतात की मुख फोडलं आणि सरोवर सुधारलं. पाण्यापुरतं ते खरं आहे. पण मासा परत आला तसा जुना प्रश्नही परत उभा राहिला: हा मासा कोणाचा?

तिथे गेल्यावर तुझ्या कानावर 'घेरी' हा शब्द दिवसातून दहा वेळा पडेल. बांबू, जाळी आणि मातीचे बांध घालून पाण्याचा तुकडा अडवायचा आणि त्यात कोळंबी वाढवायची, ती घेरी. ऐंशीच्या दशकात कोळंबीचा परदेशी बाजार तेजीत आला आणि पैसेवाले बिगर-मच्छीमार या धंद्यात उतरले. ज्या केउट, कांडरा, तियर जातींच्या मच्छीमारांनी पिढ्यानपिढ्या ते पाणी वाटून घेतलं होतं, त्यांच्याच जाळ्यांना जागा उरेना. घेऱ्यांमुळे पाण्याचा प्रवाह अडतो, गाळ साचतो, तण फोफावतं, पण त्याआधी माणसाच्या पोटाला मार बसतो. नव्वदच्या सुरुवातीला एका मोठ्या उद्योगसमूहाचा कोळंबी प्रकल्प तिथे येणार होता. मच्छीमार, विद्यार्थी, शेतकरी मिळून 'चिलिका बचाओ' आंदोलन उभं राहिलं आणि तो प्रकल्प मागे गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत सरोवरांच्या एक हजार मीटरच्या आत कोळंबी संवर्धनाला मनाई केली.

निकाल लागला, घेऱ्या राहिल्याच. मे १९९९ मध्ये मच्छीमारांनी स्वतः उतरून त्या उखडायला सुरुवात केली, आणि २९ मेच्या रात्री सोराणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जण मेले. तू काम करणार आहेस त्या मुलखात ही आठवण फार जुनी नाही. एखादा म्हातारा मच्छीमार तुझ्या संस्थेच्या पाटीकडे बघून गप्प बसला, तर त्याच्या गप्प बसण्यामागे काय काय आहे ते ओळख. सरकार आणि समाज एकत्र आले असं आपण अहवालात एका ओळीत लिहितो, पण त्या समाजातल्या काही घरांनी त्याच सरकारच्या गोळ्या पाहिलेल्या असतात. तिथे लगेच विश्वास मागू नकोस.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. कोकणातल्या एका खाडीत आम्ही तीन महिन्यांची मासेमारी बंदी ठरवली होती. खात्याचे लोक होते, ग्रामपंचायत होती, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी होते. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी चिखलात कालवं काढणाऱ्या बायकांना कोणी तरी हुसकावून लावलं. त्यांना बंदीची खबरच नव्हती, कारण त्या कुठल्याच सोसायटीच्या सभासद नव्हत्या. त्यांच्यातली एक माझ्या दारात येऊन म्हणाली, 'तुम्ही ठरवलंत तेव्हा आमची आठवण कशी नाही झाली?' मी उत्तर देऊ शकलो नाही. चूक माझीच होती, मी यादी सोसायटीच्या वहीतून घेतली होती. तेव्हापासून नव्या गावात गेलो की मी वही नंतर बघतो. आधी पहाटे पाण्यावर जातो आणि बघतो कोण कोण उतरलं आहे.

चिलिकेतही तसंच कर. पहिले पंधरा दिवस सरोवराकाठच्या बाळुगावच्या मासळी बाजारात पहाटे जाऊन उभी राहा. कोणाचा मासा कोणाच्या काट्यावर जातो, आगाऊ पैसे कोणी दिलेत, बारीक जाळीच्या 'खंडा' सापळ्यांत कुठल्या आकाराची पिल्लं येतात, खेकडा कोण घेऊन जातो, सुकी मासळी कोणाच्या अंगणात वाळते. यात कोणत्या बाईचं, कोणत्या जातीचं, कोणत्या गावाचं नाव कधीच बैठकीत येत नाही, ते तुला तिथे कळेल. उडिया शीक, तोडकं मोडकं चालेल.

मग नराजकडे बघ. नराजला महानदीच्या फाट्यावर बराज, म्हणजे दारं असलेला बांध, बांधला आहे. तिथून किती पाणी कधी सोडायचं, यावर चिलिकेचा खारटपणा बराचसा ठरतो. उत्तरेच्या काठावरच्या भातशेतीवाल्याला पूर नको आहे, त्याचं घर बुडतं. मच्छीमाराला पुराचं पाणी हवं आहे, त्याने गाळ वाहून जातो आणि सरोवर धुऊन निघतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. अशा ठिकाणी 'सगळ्यांचं हित एकच आहे' असं म्हणू नकोस. हितं वेगळी आहेत, आणि बोलणी त्याच जागेवरून सुरू व्हायला हवीत. पाटबंधारे खात्याने दारं चालवताना चिलिकेला लागणारं पाणी हिशोबात धरावं यासाठी अभ्यास झाले. आकडे समोर आल्यावर शेतकरी आणि मच्छीमार एकमेकांवर ओरडण्याऐवजी किती आणि केव्हा यावर बोलू शकतात. मला या संपूर्ण कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

प्रदूषणाचं म्हणशील तर दया नदी बघ. भुवनेश्वरचं सांडपाणी गंगुआ नाल्याने दयेत येतं आणि दया चिलिकेत. शहरातला माणूस चिलिका बघायला सहलीला येतो, पण आपल्या घरचा नळ आणि हे सरोवर एकाच धाग्यात आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तुझ्या संस्थेचं काम काठावरच्या गावांपुरतं आखलेलं असेल. तरीही वर्षातून दोनदा गंगुआच्या काठाने चाल आणि पाण्याचे नमुने घे. शहरातल्या शाळेत जाऊन ते आकडे दाखव.

समाज म्हणजे काय करू शकतो, हे बघायचं असेल तर मंगलाजोडीला जा. उत्तरेच्या काठावरचं हे गाव एकेकाळी पक्षी मारून विकण्यासाठी ओळखलं जायचं. वाइल्ड ओरिसा या संस्थेने तिथल्या माणसांशी दीर्घकाळ बोलणी केली, आणि त्याच शिकाऱ्यांनी मिळून श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती काढली. आता हिवाळ्यात पट्टकादंब, बदकं आणि चिखलात चोच खुपसणारे हजारो पक्षी तिथे उतरतात. पूर्वी जाळी लावणारे काही जण बांबूने होडी ढकलत पाहुण्यांना ते दाखवतात. कोणत्या पाणवाटेत कुठला पक्षी सकाळी बसतो, हे त्यांना शिकाऱ्याच्या डोळ्यांनी माहीत आहे, म्हणून ते उत्तम राखणदार झाले. पण लक्षात घे, हे शक्य झालं ते पक्षी जिवंत असताना घरात पैसा आला म्हणून. पर्यटक कमी झाले तर काय, हा प्रश्न गावातले शहाणे लोक स्वतःच विचारतात. तूही विचार, त्यांच्यासोबत.

डॉल्फिनचंही असंच आहे. सातपाड्याला तू रोज इरावती डॉल्फिन बघशील. गेल्या काही वर्षांच्या गणनांत ते दीडशेच्या आसपास आहेत. त्यांना बघायला येणाऱ्यांच्या मोटारबोटी त्यांच्या मागे धावल्या, तर तोच धंदा त्यांना मारेल. बोटवाल्यांच्या संघटनेशी अंतर ठरवण्याची बोलणी कधी संपत नाहीत, दरवर्षी नव्याने करावी लागतात. कंटाळू नकोस.

आणखी एक. प्राधिकरणाने २०१२ मध्ये चिलिकेचं प्रगतिपुस्तक काढलं, शाळेसारखं, श्रेण्या देऊन. एकूण श्रेणी 'ब'. मला ही कल्पना फार आवडली. गावातला शिकलेला-न शिकलेला प्रत्येक जण 'ब' म्हणजे काय हे जाणतो, आणि 'अ' का नाही असं विचारू शकतो. तू जे जे मोजशील ते या पद्धतीने गावात परत ने. खारटपणा, पाण्यातला प्राणवायू, पिल्लांची संख्या, सगळं. आकडे वर राजधानीत गेले आणि खाली आले नाहीत, की लोकांना आपण फक्त नमुने देणारे वाटू लागतो.

मला पहिल्या महिन्यात अहवाल पाठवू नकोस. बाळुगावला पहाटे कोण कोण भेटलं, आणि कोणाच्या अंगणात बसून तू पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खाल्लास, तेवढं लिही. सोराण्याला जाशील तेव्हा घाईत जाऊ नकोस. एक अख्खा दिवस ठेव.

आपली काळजी घे. तिथे वैशाखात दुपारी ऊन फार लागतं, डोक्याला पंचा बांधत जा.

तुझा,
काका