व्यंग, व्यंग्य, उपहास की उपरोध?

एका वाचकाने विचारलंय: 'श्रीलाल शुक्ल यांच्या "रागदरबारी"ला हिंदीत "व्यंग्य उपन्यास" म्हणतात. मराठीत तिला "व्यंग कादंबरी" म्हणायचं का? आमच्या मंडळींत यावरून जुंपली आहे. एकाला पुस्तक मुळीच आवडलं नाही, कारण लेखक खेड्यातल्या माणसांचा उपहास करतो असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणतो, हा उपहास नव्हे, उपरोध आहे. या दोन शब्दांत खरंच फरक आहे का?'

आधी 'व्यंग कादंबरी'चं. कृपा करून असं लिहू नका. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द आहेत. 'व्यङ्ग' म्हणजे वि + अङ्ग, ज्याच्या अंगात काही उणं आहे ते. 'व्यङ्ग्य' आला 'अञ्ज्' धातूपासून: जे थेट बोललेलं नाही पण सुचवलेलं आहे ते. काव्यशास्त्रात वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ शिकवतात, त्यातला हा. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य. गुराख्याला त्यातून 'गुरं घराकडे वळव' असं ऐकू येतं, पूजा करणाऱ्याला 'संध्येची वेळ झाली' असं. या सुचवण्यातूनच हिंदीतल्या 'व्यंग्य'ला आजचा अर्थ आला: बोलायचं एक, बोचवायचं दुसरं. हिंदीतही पुष्कळ जण तो 'व्यंग' असाच लिहितात, त्यामुळे घोटाळा वाढतो. मराठीत मात्र 'व्यंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोष येतो. मुलाच्या पायात व्यंग आहे, घराण्यात व्यंग काढलं. 'व्यंगचित्र' आणि 'व्यंगोक्ती' हे शब्द रुळलेत, ते बदलायचं कारण नाही. पण 'व्यंग कादंबरी' वाचून मराठी माणसाला कादंबरीतच काही खोट असल्यासारखं वाटेल.

आता मुख्य प्रश्न. फरक आहे, आणि तो कोशापेक्षा वाक्यात लवकर सापडतो. 'उपहास केला' म्हटलं की लगेच 'कोणाचा?' असा प्रश्न येतो. गरिबाचा, सुनेचा, नवख्या कवीचा. उपहासाला समोर कोणीतरी लागतं, आणि हसणारा स्वतःला त्याच्याहून वरचा समजत असतो. 'उपरोध' असा वापरला जात नाही. 'त्याने तिचा उपरोध केला' हे कानाला खटकतं. आपण म्हणतो 'उपरोधाने म्हणाला', 'उपरोधिक स्वरात विचारलं'. म्हणजे उपरोध ही बोलण्याची तऱ्हा आहे. शब्द सरळ, अर्थ उलटा. (संस्कृतात 'उपरोध' म्हणजे अडथळा. त्यामुळे हा शब्द हिंदीभाषकाला या अर्थाने कळणार नाही. ही आपली मराठी कमाई आहे.)

कादंबरीतलंच उदाहरण घेऊ. शिवपालगंज या गावात वैद्यजींच्या हातात कॉलेजही आहे आणि सहकारी युनियनही. युनियनमध्ये अफरातफर होते. वैद्यजी डगमगत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आजवर आमच्या युनियनमध्ये अफरातफर झाली नव्हती म्हणून लोक आमच्याकडे संशयाने पाहायचे. आता झाली आहे आणि आम्ही ती लपवलेली नाही, तेव्हा आम्ही सच्चे आहोत हे सिद्ध झालं. लेखक इथे वैद्यजींना एकही विशेषण लावत नाही. त्यांची भाषा तशीच गंभीर, सुसंस्कृत ठेवतो आणि ती भाषाच त्यांना उघडं पाडते. हा अस्सल उपरोध आहे, शाळेत शिकलेल्या व्याजस्तुतीच्या (वरून स्तुती, आतून निंदा) अगदी शेजारचा.

दुसऱ्या बाजूला लंगड. हा खरोखर पायाने अधू, म्हणजे मराठी अर्थाने व्यंग असलेला माणूस. त्याला तहसीलमधून एक नक्कल, म्हणजे सरकारी कागदाची प्रत, हवी आहे. नक्कल देणारा बाबू पाच रुपये मागतो, हा दोनवर अडतो, भांडण होतं. मग लंगड शपथ घेतो की लाच न देता, कायद्यानेच नक्कल घेईन. बाबूही शपथ घेतो की मग मीही कायद्यानेच देईन. त्यानंतर अर्जात कधी ही चूक, कधी ती. गावातले लोक लंगडला हसतात. तुमच्या पहिल्या मित्राला बहुधा इथेच उपहास दिसला असणार, आणि पात्रांच्या तोंडी तो आहेच. पण लेखक कोणाच्या बाजूने उभा आहे ते पाहा. सगळ्या पुस्तकात नियमावर विश्वास ठेवणारा हाच एक माणूस, आणि नियमच त्याला छळतात. हसणारे गावकरी आहेत. लेखणीचा रोख कचेरीवर आहे.

तरी त्या मित्राची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १९६८ साली पुस्तक आलं तेव्हा नेमिचंद्र जैन यांच्यासारख्या समीक्षकानेही त्याच्याबद्दल प्रतिकूल लिहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याच पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं. स्वतः शुक्ल उत्तर प्रदेशाच्या प्रशासकीय सेवेत होते, आणि गावाकडे पाहणारी नजर काही ठिकाणी साहेबाची वाटते. बायका तर पुस्तकात जवळपास नाहीतच. पण पुस्तकाच्या शेवटचा 'पलायन-संगीत' हा भाग वाचा. तिथे शिकलेला, शहरातून आलेला रंगनाथ आणि त्याच्यासारखे सगळे मधल्या ऐपतीचे लोक लेखकाच्या तावडीत सापडतात, म्हणजे आपणच. नुसता उपहास करणारा लेखक इथवर आला नसता, असं मला मनापासून वाटतं.

'विडंबन' मात्र या वादात आणू नका. विडंबनाला समोर मूळ रचना किंवा शैली लागते. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'त रविकिरण मंडळाच्या कवितेची ढब आहे, म्हणून ते विडंबन. (त्याच धातूचं दुसरं रूप 'विटंबना', पुतळ्याची होते ती. अर्थ किती दूर गेले!) शिवपालगंजला असा मूळ पाठ नाही.

तेव्हा 'उपरोधिक कादंबरी' लिहा, नाहीतर 'उपरोधप्रधान'. अडचण येते ती लेखकाला काय म्हणायचं इथे. 'उपरोधिक लेखक' म्हटलं तर तो माणूसच तिरकस बोलणारा आहे असं वाटतं. हरिशंकर परसाई, शरद जोशी (हिंदीतले, शेतकरी नेते नव्हेत) यांच्याबद्दल लिहिताना मी 'उपरोधिक लेखन करणारे' असं लांबलचक लिहितो, आणि हिंदी संज्ञाच द्यायची असेल तर 'व्यंग्यकार', शेवटच्या 'ग्य'सकट.