ग्रीक विभक्ती: तक्ते नंतर, आधी आर्टिकल

नोकरीसाठी अथेन्सला यायचंय, हातात तीन महिने आहेत, तर विभक्तींचे तक्ते पाठ करू का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे नऊ वर्षं राहते. माझं ऐकाल तर आधी प्रत्येक नाम ‘ओ’, ‘ई’, ‘तो’ या आर्टिकलसकट (इंग्रजी ‘the’सारखा नामाआधीचा शब्द) पाठ करा. आपल्या तो-ती-ते सारखीच तीन लिंगं आहेत आणि पुढचं बरंचसं रूप त्यावर ठरतं.

आजच्या ग्रीकमध्ये विभक्ती चारच: प्रथमा, द्वितीया, षष्ठी, संबोधन. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर रामः, रामम्, रामस्य आठवा. फीलोस म्हणजे मित्र. मित्र आला तर ‘ओ फीलोस’, मित्राला पाहिलं तर ‘तोन फीलो’, मित्राचं घर म्हणताना ‘तू फीलू’, हाक मारताना ‘फीले’. जुनी चतुर्थी बोलण्यातून गेली. ‘त्याला सांगते’ म्हणायला इथे षष्ठी वापरतात, उत्तरेत थेस्सालोनिकी शहराकडे मात्र द्वितीया ऐकू येईल.

खरी अडचण शेवटच्या ‘स्’ची. पुल्लिंगी नामाला तो प्रथमेत असतो आणि षष्ठीत जातो: ओ नीकोस, तू नीकू. स्त्रीलिंगीत बरोबर उलटं: ई मारिया, तिस मारियास. एवढं पक्कं झालं की रस्त्यावरच्या पाट्या उलगडतात. मेट्रो स्टेशनवर ‘सिन्ताग्मा’, पण चौकाच्या पाटीवर ‘प्लातिया सिन्ताग्मातोस’, म्हणजे सिन्ताग्माचा चौक. वडील पापादोपुलोस आणि मुलगी पापादोपूलू, ही कागदावरची चूक नव्हे; मुलीचं आडनाव षष्ठीत असतं.

संबोधनाकडे दुर्लक्ष करू नका. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना मी ‘किरिओस नीकोस’ अशी हाक मारायचे. एकदा त्यांच्या बायकोने जिन्यात थांबवून, हात धरून सांगितलं, ‘किरिए नीको’ म्हण. किरिओसचं किरिए, पण नीकोसचं नीको. अशी बरीच छोटी नावं ‘ओ’वर थांबतात. त्या दिवसापासून आजोबा माझ्याशी थांबून बोलू लागले.

तुमचं स्वतःचं नाव चालवावं लागणार नाही. परकी नावं सहसा तशीच राहतात, फक्त नावाआधीचं आर्टिकल बदलतं.

आणि कॅफेच्या यादीत ‘काफेस’ लिहिलेलं दिसलं, तरी मागताना ‘एनान काफे’ म्हणा. तुम्हाला हवी असलेली कॉफी द्वितीयेत असते.